डिस्चार्ज कार्ड दिल्यानंतर

आजपासून नावाआधी डॉक्टर लावणाऱ्या मुलामुलींनो,

अभिनंदन. हा शब्द आज तुम्ही सकाळपासून ऐकताय, घरी गेल्यावर शेजारपाजारचेही म्हणतील, म्हणून मी एकदाच म्हणतो. मांडवात उकडतंय, त्यात अंगावर हे झगे. लवकर आवरायचा प्रयत्न करीन. जमेल असं नाही.

मला विषय दिलाय वैद्यकीय नीतिशास्त्रातल्या रुग्णहिताच्या तत्त्वाचा. रुग्णाचं भलं करा, एवढंच ते तत्त्व. १९७९च्या बेल्मॉन्ट अहवालात ते आहे, आयसीएमआरच्या मार्गदर्शक सूचनांत आहे, तुमच्या पेपरात त्यावर शॉर्ट नोट येते आणि ती लिहून तुम्ही पास झालात. माझा जन्म गेला नवजात बाळांत. त्यामुळे मी ऑक्सिजनबद्दल बोलणार.

मी रेसिडेंट होतो तेव्हा आमच्या वॉर्डात पल्स ऑक्सिमीटर नव्हता. सरांचा नियम साधा होता : बाळ गुलाबी दिसलं पाहिजे. राउंडला सर यायच्या आधी सिस्टर सगळ्या हुडांचा फ्लो वाढवून ठेवायच्या. मुलं गुलाबी, सर खूश. कुणी डोळ्यांचा विषय काढला तर सर म्हणायचे, "ऑक्सिजननं कधी कुणाचं वाईट झालंय का रे?" मोठा माणूस होता, हात फार हळुवार. पण या प्रश्नाचं उत्तर तेव्हाही ग्रंथालयात होतं, दुसऱ्या मजल्यावर, धूळ खात.

उत्तर असं. १९४२ साली बॉस्टनमध्ये टेरी नावाच्या नेत्रतज्ज्ञांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांत एक नवंच अंधत्व नोंदवलं. पुढच्या दहा-बारा वर्षांत जगभरात सुमारे १०,००० मुलं त्यानं आंधळी झाली असा अंदाज आहे. गंमत बघा, गंमत कसली म्हणा, हा आजार गरिबांच्या दवाखान्यांत कमी आणि उत्तम सोयींच्या इस्पितळांत जास्त होता. जिथं काळजी जास्त तिथं ऑक्सिजन जास्त. मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी १९५१मध्ये संशय बोलून दाखवला. वॉशिंग्टनच्या गॅलिंजर या सरकारी इस्पितळात आर्नल पॅट्झ यांनी दोन गट करून पाहायचं ठरवलं : काही बाळांना भरपूर ऑक्सिजन, काहींना बेताचा. तर रात्रपाळीच्या सिस्टर बेताच्या गटातल्या बाळांचाही ऑक्सिजन गुपचूप वाढवू लागल्या. हे डॉक्टर लेकरांना श्वास नाकारताहेत, अशी त्यांची खात्री होती.

मला त्या सिस्टरांचा राग कधीच आला नाही. आपल्या वॉर्डातल्या कुठल्याही चांगल्या सिस्टरनं हेच केलं असतं. माया होती, रात्रभर जागायची तयारी होती; सहा महिन्यांनी त्या बाळाला काय दिसतं हे मात्र त्यांच्यापर्यंत कधी पोचणार नव्हतं. १९५३-५४मध्ये अमेरिकेतल्या १८ इस्पितळांनी मिळून चाचणी केली तेव्हा प्रश्न मिटला. दोषी ऑक्सिजनच.

मिटला म्हणतोय, पण कुठला मिटतोय! सगळ्यांनी ऑक्सिजन आखडला. अंधत्व कमी झालं आणि बाळं श्वासाविना दगावू लागली. १९७३मध्ये लॅन्सेटमध्ये अंदाज आला की वाचलेल्या एकेका दृष्टीमागे सोळा बाळं गेली असावीत. पुढं अमेरिकेतल्याच सपोर्ट नावाच्या चाचणीत १,३१६ बाळं घेतली. तिचे निकाल २०१०चे : कमी ऑक्सिजनच्या गटात डोळ्यांचा गंभीर आजार १७.९ टक्क्यांवरून ८.६वर, पण मृत्यू १६.२ऐवजी १९.९ टक्के. आणि २०१३मध्ये तिथल्या सरकारी देखरेख कार्यालयानं विचारलं, की हे धोके आईबापांच्या संमतिपत्रात नीट लिहिले का नव्हते? त्यावर मोठमोठ्या लोकांची भांडणं झाली, अजून होतात.

संमतिपत्रावरून आठवलं. मी बरीच वर्षं एका नीतिमत्ता समितीवर होतो. कुठल्या ते विचारू नका. फायली जाडजूड, सभासद घाईत. एकाला ओपीडी, दुसऱ्याला विमान. चर्चा कशावर, तर मराठी संमतिपत्रातला फाँट वाचता येतो का यावर. आमच्यात एक निवृत्त शाळामास्तर होते, 'सामान्य नागरिक' या कोट्यातले. ते सहसा बोलत नसत. एकदा नवजातांवरच्या औषधाचा प्रकल्प आला, निरीक्षण डिस्चार्जपर्यंत. मास्तर म्हणाले, "साहेब, घरी गेल्यावर या लेकराला कोण बघणार?" संशोधकांनी उत्तर दिलं की तो भाग स्टडीच्या बाहेर आहे. अध्यक्षांनी पुढची फाईल घेतली. आमच्यातल्या शिकलेल्यांपैकी कुणालाही सुचला नव्हता असा तो प्रश्न होता, आणि इतिवृत्तात तो लिहिलाही गेला नाही.

आता आपल्याकडचं. माझ्या ओपीडीत एक बाप पाच महिन्यांचं बाळ घेऊन आला. तालुक्याच्या गावचा, ट्रॅक्टरवर कामाला. बाळाची आई म्हणाली, "आवाजाकडं वळतंय, पण नजर धरत नाही." एका खासगी नर्सिंग होममध्ये बाळ सातव्या महिन्यात जन्मलेलं, वजन तेराशे ग्रॅम, काचेत महिनाभर. बापानं पिशवीतून प्लास्टिकमध्ये जपलेलं डिस्चार्ज कार्ड काढलं. त्यावर फुगे आणि बदकाचं चित्र. वजन, लशी, व्हिटॅमिनचे थेंब, सगळं होतं. शेवटी शेरा : बाळ सुखरूप. डोळे तपासून घ्या, ही एक ओळ नव्हती. डोळ्यांचा पडदा दोन्ही बाजूंचा सुटलेला. तो माणूस त्या नर्सिंग होमच्या डॉक्टरांना शेवटपर्यंत देवमाणूस म्हणत होता. त्यांनी लेकरू वाचवलं होतं, हे खरंच होतं. त्या डॉक्टरांच्या हिशेबातही ती केस यशस्वीच राहिली असणार.

यात अवघड काय आहे सांगा मला? ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा दोन किलोच्या आतलं बाळ असेल तर जन्मापासून चार आठवड्यांच्या आत नेत्रतज्ज्ञाकडून पडदा तपासून घ्यायचा, फारच लहान असेल तर त्याही आधी. वेळेत सापडलं तर लेसरनं बहुतेकांची दृष्टी राहते. ती वेळ गेली की हातात फारसं काही उरत नाही. आपल्याकडं सिलिंडर आहे, हुड आहे, उद्घाटनाची फीत आहे, दात्याच्या नावाची संगमरवरी पाटी आहे. हवा आणि ऑक्सिजन मोजून मिसळणारा ब्लेंडर विचारला की खरेदी समिती तीन कोटेशनं मागते. माझी एक फाईल त्रुटी काढून इतक्यांदा परत आली की शेवटी मी निवृत्त झालो.

तुम्ही हुशार आहात, मनानं चांगले आहात, हे मी गृहीत धरतो. मला भीती चांगल्याच डॉक्टरची वाटते. त्याला आपण भलं केलं याची खात्री असते, म्हणून तो मागं वळून विचारत नाही. विचारा. फोन करा, आशाताईंना निरोप द्या, गाव जवळ असेल तर जा. गर्भाशय काढलेल्या बाईला वर्षानं विचारा कंबर कशी आहे. गुडघा बदललेल्या आजोबांना विचारा देवळात जाता का. संशोधन कराल तेव्हा शेवटच्या व्हिजिटनंतरचा एक कॉलम स्वतःहून ठेवा, कुणी पैसे देवो न देवो.

कुलगुरूंकडं एक मागणी आहे. इंटर्नशिपच्या लॉगबुकात किती टाके घातले, किती प्रसूती केल्या याचे रकाने आहेत. त्यात 'घरी सोडलेले किती रुग्ण पुन्हा पाहिले' हा एक रकाना वाढवा. मघाशी चहाच्या वेळी ते "बघू" म्हणाले. म्हणून आता माईकवर सांगतोय, निदान हे तरी इतिवृत्तात येईल.