खाटेवरून दिसणारं हॉस्पिटल

इथे अमेरिकेत हॉस्पिटलातून घरी परतल्यावर अनेकांना एक प्रश्नावली येते. एचकॅप्स तिचं नाव. नर्सनं आदरानं वागवलं का, रात्री खोलीभोवती शांतता होती का, असं बरंच विचारतात. ती स्पॅनिश, चिनी, व्हिएतनामीत मिळते, मराठीत नाही. आणि मिळाली असती, तरी आपल्या आईवडिलांनी काय लिहिलं असतं? ‘सगळं छान होतं.’ डॉक्टरांबद्दल वावगं बोलायचं नाही, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं.

तेव्हा विचारायची तऱ्हाच बदलायला हवी. आयडिओ या डिझाइन कंपनीचे क्रिस्टियन सिमसेरियन पाय दुखावल्याचं सोंग करून, कॅमेरा चालू ठेवून हॉस्पिटलात दाखल झाले. चित्रणात मिनिटांमागून मिनिटं नुसतं छत! स्ट्रेचरवरच्या माणसाला तेवढंच दिसतं. पण सोंगाला भीती कुठून आणणार?

मला कॅरोलिन वँग आणि मेरी अ‍ॅन बरिस यांची रीत अधिक पटते. १९९० च्या दशकात चीनच्या युनान प्रांतात त्यांनी खेड्यांतल्या बायकांच्याच हाती कॅमेरे दिले. तुमच्या जगण्यातलं, तब्येतीबद्दलचं जे दाखवावंसं वाटतं ते टिपा, मग एकत्र बसून बोलू. या पद्धतीला पुढे फोटोव्हॉइस नाव पडलं. वँग यांनी ती मिशिगनमधल्या फ्लिंट शहरातही वापरली.

गडचिरोलीत हे कॅमेऱ्याविना घडलं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये शिकून परतलेल्या अभय आणि राणी बंग यांनी आदिवासींना विचारलं, दवाखान्यात का येत नाही? उत्तरं कुठल्याही फॉर्मात मावली नसती. पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते. पांढरं तर मढ्याला गुंडाळतात. मोठी इमारत परकी वाटते. नातेवाइकांना बाहेर काढतात. म्हणून त्यांच्या शोधग्रामचा दवाखाना गोंड गावासारखा, झोपड्यांचा झाला. घरची माणसं रुग्णाजवळ राहतात, आणि नाव देवीचं: मा दंतेश्वरी.

आपल्या ज्येष्ठांच्या गटानं हे फोटोव्हॉइस इथे करून पाहावं. फोन सगळ्यांकडे आहेत. क्लिनिकची परवानगी घ्यायची, दुसऱ्या रुग्णाचा चेहरा टिपायचा नाही. फोटो नको असतील तर कागदावर नकाशा काढा: कुठे बसलात, कुठे थंडी वाजली, कुठे वाट चुकली. गप्पांच्या वेळी मुलांनी मात्र शेजारी बसू नये. त्यांच्यासमोर आई थंडीचं बोलणारच नाही. लेकाला आपल्यापायी रजा काढावी लागली, हेच तिला टोचत असतं.