वार्धक्यातील जुगार आणि ढळलेला विवेक

स्मृतिभ्रंश म्हटला की घरच्यांचे लक्ष विसरण्याकडे जाते, आणि नातवंडांची नावे आठवत आहेत तोवर माणूस धडधाकट आहे असे गृहीत धरले जाते. परंतु फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, म्हणजे मेंदूच्या पुढच्या व बाजूच्या भागांची झीज करणारा स्मृतिभ्रंश, याच्या एका प्रकारात स्मरणशक्ती पुष्कळ काळ शाबूत राहते आणि आधी ढळतो तो विवेक, म्हणजे परिणामांचा अंदाज घेऊन स्वतःला आवरण्याची शक्ती. अशा अवस्थेतला सेवानिवृत्त गृहस्थ कॅलेंडरच्या पाठीवर मटक्याचे ओपन-क्लोज टिपून ठेवतो, गेल्या आठवड्यातले आकडे न चुकता सांगतो, आणि हरलेले भरून काढण्यासाठी पेन्शन जमा होताच पुन्हा आकडा लावतो; त्याला सारे आठवते म्हणूनच आजाराची शंका कोणाला येत नाही, आणि म्हातारपणी बिघडला, हा शेरा त्याच्या वाट्याला येतो. हा शेरा अन्यायाचा आहे.

कंपवातात अशा जुगाराचे कारण कधी औषधातही असते. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल ही औषधे मेंदूतील डोपामिन या रसायनासारखे काम करून हालचाल सुधारतात, पण काही रुग्णांत जुगाराची अनावर ओढ निर्माण करतात, जी मात्रा कमी केल्यावर बहुधा ओसरते. रुग्ण लाजेने हे बोलत नाही, तेव्हा डॉक्टरांनी आपणहून विचारले पाहिजे. औषध मात्र परस्पर बंद करू नये.

2025 च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, तरी अशा माणसाचे पैसे सांभाळण्यातली खरी अडचण घरातल्या कागदपत्रांत आहे. पुष्कळ कुटुंबे कुलमुखत्यारपत्रावर विसंबतात. पण 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 201 नुसार ते देणाऱ्याची सारासार बुद्धी हरपली की मुखत्याराचा अधिकार सामान्यतः संपतो, म्हणजे गरज पडते नेमका तेव्हाच तो कागद निकामी ठरतो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातला नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांपुरता असतो, मालमत्तेसाठी नव्हे; त्यासाठी कुटुंबाला न्यायालयाची पायरी चढावी लागते. म्हणून व्यवस्था लावायची ती विवेक शाबूत असताना आणि त्या व्यक्तीच्या संमतीनेच. सगळे पैसे काढून घेतले तर अपमान होतो आणि उसनवारी सुरू होते. त्यापेक्षा ठेवी दोघांच्या सहीने चालणाऱ्या खात्यात ठेवून, रोजच्या खर्चापुरते लहान खाते त्याच्या एकट्याच्या हाती राहू देणे अधिक माणुसकीचे आहे.