थांबविणारा अदृश्य हात

८ ऑक्टोबर २००५ रोजी सकाळी अमेरिकेतील नेवाडा राज्यात, प्रिम या गावाजवळ, एक विलक्षण शर्यत सुरू झाली. मोहावीच्या रुक्ष वाळवंटातून १३२ मैलांचा मार्ग आखलेला होता आणि त्यावरून एकामागून एक तेवीस वाहने सोडण्यात आली. त्यांपैकी एकातही सारथी नव्हता. सुकाणूचे चक्र आपोआप फिरत होते, वेग आपोआप कमीजास्त होत होता. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या 'दार्पा' या संशोधन संस्थेने ही स्पर्धा भरविली होती. स्टॅनफर्ड विद्यापीठाची 'स्टॅन्ली' नावाची मोटार सात तासांहून थोड्या कमी वेळात मुक्कामाला पोहोचली आणि वीस लाख डॉलरांचे पारितोषिक तिने मिळविले. त्याआधीच्या वर्षी, १३ मार्च २००४ रोजी, याच वाळवंटात झालेल्या पहिल्या स्पर्धेत एकही वाहन आठ मैलांपलीकडे जाऊ शकले नव्हते. ही प्रगती पाहून जग थक्क झाले.

परंतु या कौतुकाच्या भरात एका गोष्टीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. त्या प्रत्येक सारथीहीन वाहनाच्या मागे माणसे बसलेली दुसरी एक गाडी धावत होती, आणि तीतील माणसाच्या हाताशी एक बिनतारी यंत्र होते. वाहन भलतीकडे वळले, तर ते थांबविणे हे त्याचे काम. वाहन चालविण्याचा अधिकार यंत्राकडे गेला होता. थांबविण्याचा अधिकार मात्र माणसाने आपल्याकडेच राखून ठेवला होता.

कोणी म्हणेल, यात अवघड ते काय? बटण दाबावे, संदेश जावा, गाडी थांबावी. दुरून बिनतारी संदेशाने वाहन हाकण्याची करामत निकोला टेस्ला याने १८९८ मध्येच न्यूयॉर्क येथे पाण्याच्या हौदात छोटी नाव फिरवून दाखविली होती. परंतु खरी अडचण निराळीच आहे. बटण दाबले आणि संदेश पोहोचलाच नाही तर? मध्ये टेकडी आली, विजेरी संपली, दुसऱ्या एखाद्या प्रक्षेपकाच्या कोलाहलात आवाज बुडाला, तर? ज्या क्षणी थांबविण्याची निकड सर्वांत अधिक, नेमक्या त्याच क्षणी हात लुळा पडावयाचा. म्हणून 'थांब' या आज्ञेवर विसंबणारी व्यवस्था वस्तुतः व्यवस्थाच नव्हे.

हा धडा माणसाला फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला आहे. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा या गावाहून सहलीला निघालेल्या मुलामाणसांनी भरलेली आगगाडी चढावर अडकली. तिचे दोन भाग करून पुढचा भाग आधी नेण्याचे ठरले. गाडीला निर्वात ब्रेक होता, पण तो साध्या प्रकारचा होता. एंजिनाने हवा ओढून घेतली म्हणजे तो लागे आणि नळी तुटली की सुटे. डबे वेगळे करताच मागच्या भागाचा हा ब्रेक सुटला. डबे उतारावरून मागे घसरत गेले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ऐंशी माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत अनेक बालके होती. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून उतारूंच्या गाड्यांना स्वयंचलित ब्रेक सक्तीचा केला. स्वयंचलित ब्रेकचे तत्त्व याच्या नेमके उलट असते. नळीतील दाब वा निर्वातता कायम असेल तोवरच चाके मोकळी राहतात. नळी तुटली की ब्रेक आपोआप आवळला जातो. चालण्यासाठी परवानगी लागते, थांबण्यासाठी लागत नाही.

मुंबईच्या विजेच्या लोकल गाड्यांतही याच तत्त्वाचे दुसरे रूप आढळते. मोटरमनला आपली मूठ दाबून धरावी लागते. त्याला मूर्च्छा आली, हात सैल पडला, की गाडीला ब्रेक लागतो. त्याने 'थांब' म्हणावयास नको. 'चाल' म्हणणे थांबले, एवढे पुरे होते.

बिनतारी थांबाही याच पायावर उभा आहे. दूरच्या माणसाच्या हातातील यंत्र अविरत, एका सेकंदात अनेक वेळा, 'सर्व ठीक आहे, चालू दे' असा संदेश पाठवीत राहते. रात्री गस्त घालणाऱ्या पहारेकऱ्याची आरोळी ऐकत घरमालक निश्चिंत झोपतो. आरोळी वेळेवर आली नाही की तो दचकून जागा होतो. तसेच वाहनावरील ग्राहकयंत्राचे आहे. ठरलेल्या अवधीत आरोळी आली नाही, की बटण कोणी दाबले की नाही याची चौकशी न करता ते वाहन थांबविते. आरोळी मात्र आपल्याच पहारेकऱ्याची हवी. म्हणून प्रत्येक संदेशात त्या वाहनाची ओळख, अनुक्रमांक आणि पडताळ्याचे अंक गुंफलेले असतात. शेजारच्या यंत्राचा वा जुनाच पुन्हा आलेला संदेश ग्राह्य धरला जात नाही.

हा अवधी किती असावा, हा मात्र नाजूक प्रश्न आहे. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात वीस मीटर पुढे जाते. अर्धा सेकंद वाट पाहिली, तर ब्रेक लागू होण्यापूर्वीच दहा मीटर वाट सरलेली असते. म्हणून अवधी लहान हवा. परंतु तो फारच लहान ठेवला, तर क्षणभर संदेश हुकला तरी वाहन अडून बसते. वारंवार विनाकारण अडणाऱ्या यंत्राला माणसे कंटाळतात, आणि कंटाळलेली माणसे सुरक्षेची कळच निकामी करून ठेवतात. अतिरिक्त सावधपणाही अशा रीतीने घातक ठरू शकतो.

थांबण्याचेही प्रकार आहेत. मोहावीच्या शर्यतीत दोन प्रकारच्या आज्ञा होत्या. एक विरामाची, तीत वाहन उभे राही, पण एंजिन चालू असे आणि आज्ञा मिळताच प्रवास पुढे सुरू होई. दुसरी कायमची, तीत एंजिन बंद होई आणि शर्यत संपे. स्टॅन्लीला पुढच्या वाहनाशी अंतर राखण्यासाठी दोनदा असा विराम देण्यात आला होता. 'टेरामॅक्स' नावाची प्रचंड मालमोटार तर अंधार पडल्यामुळे रात्रभर वाळवंटात एंजिन चालू ठेवून उभी होती. सकाळी आज्ञा मिळाली, ती निघाली आणि तिने मार्ग पुरा केला. कारखान्यांतील यंत्रांच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही असाच विवेक आहे. काही ठिकाणी शक्ती तत्काळ तोडावयाची, काही ठिकाणी आधी ब्रेक लावून मग तोडावयाची. आणखी एक नियम असा, की आणीबाणीचे बटण पूर्ववत केले म्हणून यंत्र आपण होऊन सुरू होता कामा नये; ते माणसाने जाणूनबुजून सुरू करावे.

तथापि थांबणे म्हणजे सुरक्षितता, हे समीकरण जमिनीवरचे आहे. आकाशात थांबता येत नाही. २५ डिसेंबर २०१० रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेले जीएसएलव्ही अग्निबाण पाऊण मिनिटातच बेताल झाले, कारण त्याच्या काही जोडण्या अकाली सुटल्या आणि नियंत्रणाच्या आज्ञा पुढे पोहोचेनाशा झाल्या. उड्डाणानंतर सुमारे एका मिनिटाने सुरक्षा अधिकाऱ्यांनी बिनतारी संदेशाने त्याच्या विनाशाची आज्ञा दिली, आणि त्याचे अवशेष बंगालच्या उपसागरात पडले. अनेकांच्या कित्येक वर्षांच्या श्रमांचा क्षणात चुराडा करणारे ते बटण दाबताना हाताला किती बळ लागत असेल, याची कल्पनाच करावी. परंतु किनाऱ्यावरील वस्तीचे मोल त्या श्रमांहून अधिक, हा निर्णय उड्डाणापूर्वीच, शांत चित्ताने झालेला असतो. आणीबाणीच्या क्षणी विचार करावा लागू नये, यासाठीच तो आधी करून ठेवावयाचा.

आणि अखेर प्रश्न येतो तो माणसाचाच. १८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेतील टेम्पी या शहरात चाचणीवर असलेल्या एका स्वयंचलित मोटारीने सायकल हाती घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीला धडक दिली, आणि ती स्त्री मरण पावली. मोटारीच्या यंत्रणेने धडकेपूर्वी ५.६ सेकंद तिला टिपले होते. पण ती काय वस्तू आहे याचा निर्णय यंत्राला होईना. आकस्मिक ब्रेकची व्यवस्था चाचणीत बंद ठेवलेली होती, कारण भरवसा आत बसलेल्या माणसावर होता. सरकारी चौकशीत आढळले, की त्या माणसाचे लक्ष रस्त्यावर नव्हते, फोनवर होते. चौकशी मंडळाने दोष केवळ त्या एका व्यक्तीला दिला नाही. कंपनीच्या सुरक्षाविषयक ढिलाईवरही बोट ठेवले. दीर्घकाळ काहीच न घडता नुसते पाहत बसावयाचे, आणि हजारातील एका क्षणी विजेच्या वेगाने जागे व्हावयाचे, हे काम माणसाच्या स्वभावाला जमणारे नव्हे. ते एकट्या माणसावर सोपविणे हीच मुळातील चूक होय.

पिवळ्या पार्श्वभूमीवरील ते तांबडे बटण दिसावयास अगदी क्षुल्लक आहे. परंतु ते प्रत्यक्षात जोडलेले आहे काय, त्यातील विजेरी भरलेली आहे काय, ते ज्याच्या हाती आहे तो जागा आहे काय, आणि तो जागा नसला तरी वाहन आपण होऊन थांबेल काय, हे चार प्रश्न रोज सकाळी, वाहन हलण्यापूर्वी, कोणी तरी विचारावे लागतात. वाहन चालविणारा हात यंत्राचा झाला, तरी हे प्रश्न विचारणारे तोंड माणसाचेच राहणार आहे. रस्ता ओलांडणाऱ्या अनोळखी माणसाला त्या बटणाचे अस्तित्वही ठाऊक नसते. आणि नेमके त्याच्याच प्राणांचे राखण ते करीत असते.