अश्रूंतील मीठ आणि औषधाचा थेंब

भाईंदरचें नांव निघालें कीं जुन्या मुंबईकरास मिठागरें आठवतात. खाडीचें भरतीचें पाणी वाफ्यांत अडवावयाचें, उन्हानें तें आटवावयाचें आणि तळाशीं उरलेलें मीठ ओढून घ्यावयाचें, हा मीरा-भाईंदरच्या किनाऱ्यावरील पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय. पण मीठ कांहीं खाडींतच असतें असें नाहीं. माणसाचे अश्रुही जवळजवळ रक्ताइतकेच खारट असतात, आणि या खारटपणास औषधाच्या सेवेस लावण्याची युक्ति शास्त्रज्ञांनीं साधली आहे.

काचबिंदु हा मोठा कपटी रोग. बहुधा डोळ्यांतील दाब वाढतो, दृष्टीची नस हळूहळू झिजते, आणि एकदां गेलेली दृष्टि परत येत नाहीं. यासाठीं टिमोलोलसारख्या औषधाचे थेंब रोज डोळ्यांत घालावे लागतात. परंतु पापणी मिटली कीं थेंबाचा बराच भाग गालावर ओघळतो किंवा अश्रुमार्गानें नाकांत उतरतो. शंभरांतील पांच भागही सहसा डोळ्याच्या आंत पोंचत नाहींत.

येथें जेल कामास येतें. सब्जाचें बीं भिजलें म्हणजे त्याभोवतीं पाणी धरून ठेवणारें जें बुळबुळीत कवच येतें, तें एक जेलच होय. जेलन हा जिवाणूंपासून मिळणारा, शर्करेच्या लांब साखळ्यांचा पदार्थ. बाटलींत तो पातळ असतो. डोळ्यांत पडतांच अश्रूंतील सोडियमचे विद्युत्‌भारित कण त्या साखळ्यांस एकत्र आणतात आणि थेंब थिजतो. त्यांतून औषध सावकाश पाझरतें. अमेरिकेंत १९९३ सालीं मान्यता मिळालेल्या अशा औषधामुळें दिवसांतून दोनदां घालावयाचा थेंब एकदांच पुरूं लागला. परिस्थितीप्रमाणें रूप पालटणाऱ्या जेलांचा अभ्यास पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंतही डॉ. रघुनाथ माशेलकर, डॉ. आशिष लेले प्रभृतींनीं केला आहे.

मात्र जेल मीठ ओळखतें, रोगी ओळखीत नाहीं. टिमोलोल रक्तांत उतरल्यास दमेकऱ्याच्या श्वासनलिका आवळल्या जातात; तें जेलांतून दिलें म्हणून हा धोका टळत नाहीं. कोणास कोणतें औषध मानवेल, हें डॉक्टरांनींच ठरवावयाचें असतें. म्हणून घरांत कोणास काचबिंदु असेल, तर दम्याची वा हृदयविकाराची हकीकत डॉक्टरांस आधींच सांगावी, आणि बरें वाटतें म्हणून थेंब आपण होऊन कधींही बंद करूं नयेत.