झाडूवरच्या तिघी बहिणी



आज आम्ही चेटकिणींबद्दल बोलणार आहोत. घाबरू नका, सांजवेळ अजून लांब आहे, आणि या चेटकिणी हसवणाऱ्या आहेत. आमच्या केंद्रावर काम करणाऱ्या पोरींनी फार दिवस मागं लागून आम्हाला एक इंग्रजी सिनेमा दाखवला. 'होकस पोकस २' त्याचं नाव. दोन आहे म्हणजे आधी एक असणारच, म्हणून मग तोही बघितला. आम्ही सगळ्याजणी, वाटीभर शेंगदाणे आणि मध्येमध्ये सिनेमा थांबवून अर्थ सांगणाऱ्या पोरी, असा कार्यक्रम झाला.

पहिला सिनेमा १९९३ सालचा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात सेलम नावाचं गाव आहे. तिथल्या सँडरसन आडनावाच्या तीन बहिणी, विनिफ्रेड, मेरी आणि सारा. लहान मुलांचा जीव शोषून आपण तरुण राहायचं हा त्यांचा धंदा. गावानं त्यांना फासावर दिलं. पण तीनशे वर्षांनी एका शहाण्या मुलानं फुशारकीनं काळ्या ज्योतीची मेणबत्ती पेटवली आणि या तिघी परत आल्या. आल्या त्या आताच्या जगात. डांबरी रस्ता बघून त्यांना वाटतं ही काळी नदी आहे, पाय टाकला तर बुडू. झाडू चोरीला जातो तेव्हा मधली मेरी चक्क व्हॅक्यूम क्लीनरवर बसून उडते. हा सिनेमा जुलै महिन्यात लागला, म्हणजे तिकडच्या भुताखेतांच्या सणाला, हॅलोवीनला, तीन महिने असताना. चालला बेताचाच. पण पुढं दरवर्षी ऑक्टोबरात टीव्हीवर दाखवत राहिले आणि बघणारी मुलं मोठी होऊन आपल्या मुलांना घेऊन बसू लागली. आपल्याकडं नाही का, काही सिनेमे टॉकीजमध्ये पडतात आणि टीव्हीवर घरचे होऊन जातात!

म्हणून मग २९ वर्षांनी, ३० सप्टेंबर २०२२ ला, दुसरा भाग आला. टॉकीजमध्ये नाही, थेट घरच्या पडद्यावर. त्याच तिघी नट्या, बेट मिडलर, कॅथी नाजिमी आणि सारा जेसिका पार्कर. वय वाढलेलं, पण तोच मुखडा, तेच दात, तोच तोरा. आम्हाला तर हेच फार आवडलं. साठी-सत्तरीच्या बायकांना सिनेमात बहुतेक वेळा खाटेवर खोकायला ठेवतात. इथं त्या गावभर धिंगाणा घालतात. मुली त्यांना एका मोठ्या औषधाच्या दुकानात घेऊन जातात आणि सांगतात, तरुण राहायचं सगळं इथं बाटल्यांत भरून ठेवलंय. तिघी त्या क्रीमच्या डब्या उघडून खातात! आमच्यातल्या एकीनं लगेच विचारलं, मग आपण तोंडाला फासतो ते निराळं काय असतं? झाडूही पुन्हा एकीलाच मिळतो. दुसरी फरशी पुसायच्या मॉपवर बसते आणि मेरी, या खेपेला, जमिनीवर आपोआप फिरत केर काढणाऱ्या त्या चपट्या यंत्रांवर एकेक पाय ठेवून उभी राहते. घरकामाची अवजारं अशी उडायला लागलेली बघून कुठल्या बाईला आनंद होणार नाही?

सगळंच चांगलं आहे असं नाही. गावच्या महापौराची आणि त्याच्या गोड सफरचंदाची भानगड उगाच लांबवली आहे. आताच्या काळातल्या ज्या तीन मुली आहेत, बेका, इझी आणि कॅसी, त्या फार गुणी आहेत, त्यामुळं थोड्या अळणी लागतात. पहिल्या सिनेमात सुरुवातीलाच एक लहान मुलगी मरते, पोटात गोळा येतो. दुसऱ्यात तशी भीती कुठंच नाही.

पण दुसऱ्या भागाची सुरुवात आमच्या मनात घर करून राहिली. साल १६५३. विनिफ्रेडचा सोळावा वाढदिवस. गावचा पाद्री दारात येऊन सांगतो, तुझं लग्न अमुक मुलाशी ठरवलंय. ती म्हणते, नाही करणार. आईवडील नाहीत, पाठीवर दोन बहिणी, आणि तोंड फटकळ. पाद्री तिला गावाबाहेर काढतो आणि धाकट्या दोघींना दुसऱ्या घरी द्यायला निघतो. तेव्हा ती दोघींना घेऊन रानात पळते. रानात तिला एक थोर चेटकीण भेटते, जादूची पोथी देते, आणि पुढचं सगळं रामायण घडतं.

बायांनो, हे लक्षात घ्या. गावानं हाकललं तेव्हा तिच्याकडं जादू नव्हती. ती नुसती नाही म्हणाली होती. जादू नंतर मिळाली. म्हणजे चेटकीण आधी गावानं बनवली. पहिल्या सिनेमात या तिघी वाईट आहेत एवढंच होतं, का आहेत याचं कारण नव्हतं. मधल्या २९ वर्षांत कुणाला तरी ते विचारावंसं वाटलं. दुसरा भाग एका बाईनंच दिग्दर्शित केलाय, ॲन फ्लेचर त्यांचं नाव, आणि पटकथाही जेन डी'अँजेलो या बाईंची आहे.

शेवटाकडं विनिफ्रेड सगळ्यात मोठा मंत्र म्हणते आणि जगातली सर्वांत बलाढ्य चेटकीण होते. पण त्या मंत्राची किंमत असते, जे सर्वांत प्रिय ते द्यावं लागतं. मंत्र होतो, आणि तिच्या डोळ्यांदेखत दोघी बहिणी विरत जातात. जन्मभर त्यांना टपल्या मारल्या, मूर्ख म्हटलं, पुढं ढकललं, आणि आता ही बया सगळी शक्ती घेऊन एकटी उभी. मग ती त्या पोरींच्या हातापाया पडते, मला माझ्या बहिणींकडं पाठवा म्हणून. आमच्यातल्या थोरल्या बहिणी इथं गप्प झाल्या. धाकट्यांनी पदर डोळ्याला लावला.

आता सिनेमा बाजूला ठेवून खऱ्या सेलमकडं वळू. कारण ते गाव खरं आहे. आज तिथं पोलिसांच्या गाडीवरसुद्धा झाडूवरच्या चेटकिणीचं चित्र असतं आणि ऑक्टोबरात जत्रा भरल्यासारखे पर्यटक येतात. पण १६९२ साली तिथं जे झालं त्यात गंमत काही नव्हती.

सेलमच्या पाद्र्याच्या घरात नऊ वर्षांची त्याची मुलगी आणि अकरा वर्षांची भाची यांना झटके येऊ लागले. किंचाळणं, अंग वेडंवाकडं करणं. वैद्य म्हणाला, करणी आहे. मग करणी करणारी शोधायला हवी. पहिल्यांदा पकडल्या त्याही तिघीच, फक्त बहिणी नव्हेत. एक टिटुबा, पाद्र्याच्याच घरातली गुलाम बाई. दुसरी सारा गुड, दारोदार मागून खाणारी. तिसरी सारा ऑस्बर्न, आजारी, चर्चला न येणारी, आणि जमिनीवरून नवऱ्याकडच्यांशी वाद असलेली. नावं ऐकली की कळतं ना, गाव कुणाला निवडतं ते? सारा गुडवर शेजाऱ्यांनी साक्ष दिली की हिच्याशी भांडण झालं आणि आमची गुरं मेली. तिची चार-पाच वर्षांची लेकही चेटकीण म्हणून तुरुंगात टाकली, बेड्या घालून.

मग हे वाढतच गेलं. दीडशेहून जास्त माणसं पकडली. एकोणीस जणांना फाशी झाली, त्यात चौदा बाया. एका म्हाताऱ्याच्या अंगावर दगड रचून जीव घेतला. पाच जण तरी तुरुंगातच मेले. साक्षी कसल्या, तर अमकीची सावली रात्री माझ्या खोलीत आली. यावर उलट काय बोलणार? जिनं 'होय, मी चेटकीण' म्हटलं ती बहुतेक वाचली. जिनं खोटं बोलायला नकार दिला ती फासावर गेली. रिबेका नर्स म्हणून ७१ वर्षांच्या आजी होत्या, देवभोळ्या. पंचांनी आधी निर्दोष सोडलं, पुन्हा विचार करायला लावला, आणि दोषी ठरवलं.

सिनेमाशी आमचं भांडण आहे ते इथं. विनिफ्रेड अखेर खरंच चेटकीण निघते, म्हणजे पाद्री खरा ठरतो. सेलममध्ये एकसुद्धा बाई चेटकीण निघाली नाही. त्या परत आल्या असत्या तर त्यांना झाडू लागला नसता, त्यांनी आपल्या गाई-कोंबड्यांची चौकशी केली असती.

आणखी एक नवल. सिनेमातली धाकटी सारा, म्हणजे सारा जेसिका पार्कर, हिनं २०१० मध्ये पूर्वजांचा शोध घेणाऱ्या एका टीव्ही कार्यक्रमात भाग घेतला. तेव्हा तिला कळलं की तिच्या घराण्यातली एस्तर एल्वेल हिच्यावर १६९२ मध्ये हाच आरोप होता. नशीब की तेवढ्यात ते खास न्यायालय मोडीत निघालं आणि एस्तर वाचली. म्हणजे पहिल्या भागात ती चेटकीण होऊन नाचली तेव्हा तिला आपल्या घराण्यातलं हे माहीत नव्हतं. दुसऱ्या भागात माहीत होतं.

तुम्ही म्हणाल, हे झालं तिकडचं. चेटकिणीला हसायला आपल्यालाही आवडतं. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण आधी दिलीप प्रभावळकरांनी केली, नंतर वैभव मांगले यांनी, आणि पोरं खुर्चीवर उभी राहून हसली. ते हसू आम्हाला हवंच आहे. पण हाच शब्द नाटकाबाहेर एखाद्या विधवेच्या, एकट्या बाईच्या, शेताचा तुकडा नावावर असलेल्या बाईच्या दारात येतो तेव्हा काय होतं? नंदुरबारकडं सातपुड्याच्या पाड्यांवर 'डाकीण' म्हणून बायकांना मारहाण झाली आहे, घर सोडावं लागलं आहे. म्हणून तर डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी कायद्यासाठी वर्षानुवर्षं जोर लावला. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या यादीत स्पष्ट लिहिलंय की अमकी करणी करते, काळी जादू करते, मंत्रानं जनावराचं दूध आटवते असं म्हणून कुणाला बदनाम करणं, त्रास देणं हा गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, आणि दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. गुन्हा अजामीनपात्र आहे. पोलीस ठाण्यासाठी दक्षता अधिकारी नेमायची तरतूदही आहे, तेव्हा ठाण्यात गेलात तर त्यांनाच विचारा. दूध आटवण्याचं वाचून आम्हाला सारा गुडच्या शेजाऱ्यांची गुरं आठवली. तीनशे वर्षं आणि सात समुद्र, पण गाय काही सुटत नाही.

शेवटी एका बाईची गोष्ट सांगून थांबतो. एलिझाबेथ जॉन्सन. सेलमच्या जवळच्या अँडोव्हर गावची, वय २२. आजोबा स्वतः पाद्री, ते नातीला भोळीच म्हणायचे. जानेवारी १६९३ मध्ये तिला फाशीची शिक्षा झाली, पण गव्हर्नरनं ती थांबवली. जीव वाचला, नावावरचा डाग राहिला. १७११ मध्ये बऱ्याच जणांचा डाग पुसला, त्यात ती नव्हती. तिच्या आईचं नावही एलिझाबेथच, तीही आरोपी, त्यामुळं पुढं गोंधळ झाला असावा. १७१२ मध्ये तिनं स्वतः अर्ज केला. काही झालं नाही. लग्न केलं नव्हतं, मूलबाळ नव्हतं. इतरांच्या पणतू-खापरपणतूंनी सरकारदरबारी खेटे घातले, हिच्यासाठी कोण घालणार? १७४७ मध्ये ७७ वर्षांची होऊन ती गेली.

तिच्यासाठी खेटे घातले आठवीच्या मुलांनी. नॉर्थ अँडोव्हरच्या शाळेत बाईंनी नागरिकशास्त्राच्या तासाला हा विषय दिला. तेरा-चौदा वर्षांच्या पोरांनी जुनी कागदपत्रं वाचली, आमदारांना पत्रं लिहिली, विधेयकाचा मसुदा कसा करतात ते शिकली. पहिली तुकडी नववीत गेली, तर दुसरीनं काम पुढं नेलं. २८ जुलै २०२२ ला, सिनेमा यायच्या दोन महिने आधी, राज्याच्या अंदाजपत्रकाच्या जाडजूड कागदांत एक कलम घालून एलिझाबेथला निर्दोष ठरवलं गेलं. दोषी ठरलेल्यांतली ती शेवटची.

त्या मुलांपैकी कितीजणांनी सप्टेंबरात घरी बसून 'होकस पोकस २' बघितला असेल, हे विचारायला आम्हाला फार आवडलं असतं.