संध्याकाळचा तो एक तास

(महाबळेश्वर येथे भरलेल्या हितचिंतक मेळाव्यात केलेले भाषण)



वसतिगृहातील मुलांच्या पुढील शिक्षणाविषयी बोलावे, असे मला सांगण्यात आले आहे. पूर्वी मुलाला विचारले, "बाळा, मोठा होऊन कोण होणार?" की उत्तर यायचे, मास्तर नाहीतर पोलीस. आता उत्तर येते, सॉफ्टवेअर इंजिनिअर. दिवाळी झाली की आईबापांच्या मागे वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या भट्टीवर जाणारी ही कातकऱ्यांची लेकरे. त्यांच्या तोंडून हे ऐकले की मन भरून येते.

या आनंदातूनच एक सूचना पुढे आली आहे. संध्याकाळी तासभर आपली मुले गाणी म्हणतात, ढोलकी वाजवतात, चित्रे काढतात, गोष्टीची पुस्तके वाचतात. तो तास बंद करून त्या वेळात संगणकाचा वर्ग घ्यावा, अशी ती सूचना आहे. सूचना प्रेमापोटी आली आहे. पुढचे सत्र सुरू होण्याआधी तिच्यावर निर्णय व्हायचा आहे. म्हणून मी आज सॉफ्टवेअरमधल्याच एका माणसाची गोष्ट सांगणार आहे. त्यांचे नाव अच्युत गोडबोले. आपल्यापैकी अनेकांनी त्यांची पुस्तके वाचली असतील.

गोडबोले मूळचे सोलापूरचे, जन्म १९५० चा. शाळा सोलापुरातच झाली. मुंबईच्या आयआयटीतून ते १९७२ साली केमिकल इंजिनिअर झाले. त्या काळी अशी पदवी हातात आली की अनेक तरुण परदेशाची वाट धरायचे. हा तरुण शहाद्याला गेला. शहादा आज नंदुरबार जिल्ह्यात आहे, तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. तेथील भिल्लांच्या जमिनी हातच्या गेल्या होत्या आणि आपल्याच शिवारात त्यांना सालदारकी करावी लागत होती. अंबरसिंग महाराजांसारखा त्यांच्यातलाच माणूस त्यांना जागे करत होता, आणि शहरातून आलेली काही शिकलेली मुले त्याच्या बरोबरीने उभी राहिली होती. गोडबोले त्या चळवळीत गेले आणि त्यासाठी त्यांनी तुरुंगवासही भोगला.

पुढे ते संगणकाच्या क्षेत्रात आले. पदवी रसायनाची असताना हे नवे शास्त्र शिकून घेतले. तीस वर्षांहून अधिक काळ तेथे काम करून मोठ्या कंपन्यांत सर्वोच्च पदांपर्यंत पोहोचले. ऑपरेटिंग सिस्टिम या विषयावर त्यांनी लिहिलेले पाठ्यपुस्तक इंजिनिअरिंगची मुले अभ्यासतात.

आता त्यांची दुसरी बाजू पाहा. या माणसाने सुलभा पिशवीकर यांच्याबरोबर 'नादवेध' लिहिले, ते रागसंगीताविषयी आहे. 'किमयागार' शास्त्रज्ञांवर, 'अर्थात' अर्थशास्त्रावर, 'मनात' मानसशास्त्रावर. दीपा देशमुख यांच्याबरोबर 'कॅनव्हास' हे चित्रकारांवरचे आणि 'सिम्फनी' हे पाश्चात्त्य संगीतावरचे पुस्तक लिहिले. स्वतःच्या आयुष्याची हकिकत लिहिली, तिचे नाव 'मुसाफिर'. एवढे सगळे मराठीत, आपल्यासारख्या सामान्य वाचकाला कळेल अशा भाषेत.

येथे कोणी म्हणेल, "ताई, आधी पोट भरले, मग छंद सुचले. आपल्या मुलांना आधी नोकरी मिळू दे." हा प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. पण क्रम नीट पाहा. गाण्याची आणि पुस्तकांची गोडी या माणसाला साहेब झाल्यावर लागलेली नाही. ती सोलापूरच्या घरातून आलेली शिदोरी आहे. नोकरी नंतर आली.

म्हणूनच आपल्या मुलांच्या बाबतीत फरक पडतो. गोडबोल्यांना तशा वातावरणाचे घर होते. आपल्या मुलाच्या घरात पुस्तक नाही, आणि वर्षातले काही महिने तर घरही एका जागी नाही. त्याला मिळेल ते वसतिगृहातच. तो तास आपण काढून घेतला, तर तो दुसरीकडे कोठेही मिळणार नाही.

त्याच्याकडे काहीच नाही, असेही नाही. खैराच्या झाडापासून कात काढणाऱ्यांची ही जमात, नावच त्यावरून पडले. रानातली कोणती पालेभाजी केव्हा उगवते, कोणत्या कंदाचा कडूपणा कसा काढायचा, हे या मुलांना आजीकडून कळलेले असते. गाणी पाठ असतात. शाळेत या गोष्टींना गुण नाहीत. पण पालघरकडचे जिव्या सोमा मशे आठवा. लग्नघराच्या भिंतीवरची वारली चित्रे त्यांनी कागदावर आणि कापडावर आणली, ती देशोदेशी गेली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. भिंतीवर काय काढतोस म्हणून लहानपणी कोणी त्यांचा हात धरला असता तर?

ढोलकीचेही तसेच आहे. केरवा वाजवणारे मूल आठ मात्रा मोजते, तोच ठेका पुन्हा पुन्हा धरते, चुकले तर कोठे चुकले ते शोधते आणि समेवर परत येते. संगणकाला सूचना लिहिणाऱ्यालाही हेच करावे लागते. पायऱ्या पाडायच्या, त्याच पुन्हा फिरवायच्या, चूक शोधायची.

तरी माझे खरे कारण वेगळे आहे. आपला एक माजी विद्यार्थी पुण्यात संगणकाचे काम करतो. तो मला म्हणाला, "ताई, पहिल्या वर्षी खोलीत चौघे होतो. बाकीचे आपापल्या गावाबद्दल बोलायचे, मी गप्प बसायचो. एका रात्री टेबलावर ठेका धरला आणि आमच्या वाडीवरचे गाणे म्हटले. त्या दिवसापासून मला माझे गाव सांगता आले." त्याला नोकरी संगणकाने दिली. पण तेथे मान वर करून राहण्याचे बळ या संध्याकाळच्या तासाने दिले.

म्हणून माझी विनंती अशी. संगणकाचा वर्ग जरूर सुरू करावा, पण सकाळी, शाळेच्या आधी. त्यासाठी शिकवणाऱ्याचे मानधन लागेल, आणि तो भार आपल्यालाच उचलावा लागेल. संध्याकाळचा तास मात्र तसाच राहू द्यावा.

उद्या घाट उतरताना पाचगणीच्या आधी भिलार लागेल. स्ट्रॉबेरी पिकवणारे हे गाव ४ मे २०१७ पासून पुस्तकांचे गाव झाले. लोकांनी आपल्या घरांचे दरवाजे वाचणाऱ्यांसाठी उघडले. थोडा वेळ तेथे थांबा, एखाद्या ओसरीवर बसून पुस्तक चाळा. शेतकऱ्यांच्या घरात हे होऊ शकते, तर आपल्या वसतिगृहातही होईल.

आपल्या घरी न वाजणारी पेटी असेल, मुलांनी वाचून ठेवलेली मराठी पुस्तके असतील, तर ती आणून द्या. ज्यांना गाता येते, चित्र काढता येते, त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ द्यावी. आणि ज्यांचा मुलगा किंवा मुलगी संगणकाच्या कंपनीत आहे, त्यांनी त्यांना सुट्टीत एकदा वसतिगृहात घेऊन यावे. आमच्या मुलांना ते कामाविषयी सांगतील. मग मुले त्यांना रानातल्या भाज्यांची नावे सांगतील. पाहुण्यांनी वही बरोबर आणावी, नावे पुष्कळ आहेत.