बाटलीवाचूनची भटकंती

(उमरखेड येथे तरुण कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



दारूच्या प्रश्नाची चर्चा आजवर बहुधा दोन अंगांनी होत आली आहे. एक अंग कायद्याचे आणि दुसरे संसाराच्या धुळधाणीचे. दोन्ही महत्त्वाची आहेत. परंतु या प्रश्नाला तिसरेही एक अंग आहे आणि त्याकडे चळवळीचे लक्ष क्वचितच गेले आहे. ते अंग आनंदाचे. आठवडाभर राबणाऱ्या तरुणाला सुटीच्या दिवशी मोकळी हवा हवी असते, चार मित्रांची सोबत हवी असते, थोडे धाडसही हवे असते. आज या तिन्ही गोष्टी त्याला बाटलीशी बांधून विकल्या जातात. सहल म्हणजे पार्टी आणि पार्टी म्हणजे दारू, हे समीकरण इतके रूढ झाले आहे की दारूवाचूनची सहल म्हणजे अळणी वरण असे त्यास मनापासून वाटते. हे समीकरण मोडणे हे राजकीय काम आहे.

हे समीकरण सनातन मुळीच नाही. आधुनिक पर्यटनाचा उगमच मुळी दारूविरोधी चळवळीत झाला, ही गोष्ट आज पर्यटनाचा व्यापार करणारे सोयीस्करपणे विसरतात. ५ जुलै १८४१ रोजी इंग्लंडमध्ये टॉमस कुक या धर्मप्रचारकाने लेस्टरहून लफबरो येथील दारूबंदीच्या सभेसाठी सुमारे ५०० माणसांना एका शिलिंगात रेल्वेने नेले. गुत्त्यात जाणारा कामगाराचा पैसा आणि वेळ जग पाहण्याकडे वळवावा, हा त्यामागील विचार होता. त्यातूनच पुढे जगभर पसरलेला सहलींचा धंदा उभा राहिला. धंदा वाढला आणि मूळ विचार मागे पडला.

युरोपातील समाजवाद्यांनी हाच धागा वेगळ्या रीतीने पुढे नेला. १८९५ साली व्हिएन्ना येथे एक शिक्षक, एक लोहार आणि एक विद्यार्थी यांनी पुढाकार घेऊन ‘निसर्गमित्र’ या अर्थाच्या नावाची कामगारांची संघटना काढली. त्यांतील विद्यार्थी कार्ल रेनर पुढे ऑस्ट्रियाचा राष्ट्राध्यक्ष झाला. डोंगर आणि अरण्ये ही जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेली असताना कामगारांनी तेथे पायी जाण्याचा हक्क मागितला. कामगारांनी स्वतःच्या श्रमाने डोंगरांत निवारे बांधले. त्याच काळात ऑस्ट्रियन समाजवाद्यांचे नेते डॉ. व्हिक्टर आडलर मद्यपानाविरुद्ध प्रचार करीत होते, कारण नशेत बुडालेला कामगार संघटित होऊ शकत नाही हे त्या वैद्याने ओळखले होते. १९३३ साली जर्मनीत सत्ता हाती येताच नाझींनी निसर्गमित्रांच्या संघटनेवर बंदी घातली. शुद्धीवर राहून एकत्र चालणारी माणसे हुकूमशहाला नको असतात.

पण उदाहरणासाठी युरोपात जाण्याचीही गरज नाही. आळंदीहून पंढरपूरपर्यंतचे सुमारे २५० किलोमीटरचे अंतर पायी तोडणारा वारकरी गळ्यात माळ घालतो, तेव्हा दारूवर पाणी सोडतो. त्याच्या चालण्यातला उल्हास ज्याने पाहिला असेल, तो निर्व्यसनी प्रवासाला नीरस म्हणणार नाही. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देश पालथा घालणारे बंजारा तांडे या परिसरात स्थिरावले. त्यांचे संत सेवालाल महाराज यांनीही समाजाला व्यसनापासून दूर राहण्याची शिकवण दिली. उमरखेडशेजारच्या पुसदला १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातील गवत कापून सत्याग्रह केला. त्याच वर्षी देशभर दारूच्या दुकानांवर निरोधने चालू होती. जंगलात पाऊल टाकणे आणि दारूचे दुकान अडविणे ही एकाच चळवळीची दोन पावले होती, हे विदर्भातील कार्यकर्त्याने विसरू नये. पुढे डिसेंबर १९८५ मध्ये बाबा आमट्यांबरोबर कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकलींवर निघालेल्या तरुण-तरुणींनाही साहसाचीच हाक होती.

आता दृष्टी उमरखेडकडे वळवावी. तालुक्याच्या कडेने पैनगंगा वाहते. १९४८ पर्यंत तिच्या पलीकडे निजामाचे राज्य होते. आज पलीकडे नांदेड जिल्हा आहे. काळ्या कातळावरून असंख्य धारांनी कोसळणारा सहस्रकुंडाचा धबधबा याच नदीवर आहे. बिटरगावच्या बाजूला सागाचे दाट जंगल आणि पैनगंगा अभयारण्य आहे. नदी ओलांडून गेले की माहूरचा गड लागतो. मुंबई-पुण्याच्या तरुणाने हेवा करावा असे हे वैभव. परंतु अशा स्थळी गर्दी उसळते तेव्हा मागे काय राहते? कातळावर फुटलेल्या काचा राहतात. कधी ओल्या दगडावरून पाय घसरून एखाद्या घरचा कर्ता मुलगा वाहून जातो. दारूने धीर येतो हा समज खोटा आहे. दारूने केवळ धोक्याचे भान जाते. अंगात ऊब आल्यासारखे वाटते, पण कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावल्याने शरीर उलट लवकर थंड पडते. लघवीवाटे पाणी जाते आणि झोप उथळ होते. ज्याला खरे धाडस करावयाचे आहे, त्याला पहिली गरज शुद्धीची आहे.

याहून मोठा प्रश्न स्त्रियांचा आहे. ज्या सहलीत दारू आहे त्या सहलीत मुलगी जात नाही. गेली तर जीव मुठीत धरून जाते. म्हणजे पुरुषाच्या एका बाटलीने अर्ध्या समाजाची वाट अडविली आहे. यवतमाळच्या स्त्रियांनी जिल्हा दारूमुक्त करावा म्हणून मोर्चे काढले. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात बंदी आहे. गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. चंद्रपुरात २०१५ साली आली आणि २०२१ साली उठविली गेली. २००८ पासूनच्या नियमानुसार गावातील वा प्रभागातील निम्म्याहून अधिक स्त्री-मतदारांनी आडव्या बाटलीला कौल दिल्यास दुकान बंद होते. हे हत्यार मोलाचे आहे. परंतु चंद्रपूरचा अनुभव सांगतो की महसुलाची चटक लागलेले सरकार एका निर्णयाने दिलेले दुसऱ्या निर्णयाने काढून घेऊ शकते. जी सवय लोकांनी आपखुशीने जोपासली, ती मात्र कोणत्याही मंत्रिमंडळाला रद्द करता येत नाही.

काही जण म्हणतील, हा सोवळेपणा आहे. आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. मोहाच्या फुलांना आदिवासींच्या जीवनात आणि विधींत जे स्थान आहे, त्याकडे तुच्छतेने पाहणारा शहरी उपदेशक चळवळीच्या कामाचा नाही. तसेच जो पितो त्याला पापी ठरवून दूर लोटणेही चुकीचे. दिवसभर ऊस तोडून अंग ठणकणारा मजूर पितो, तेव्हा त्यामागे थकवा असतो, कर्ज असते, करमणुकीचा दुष्काळ असतो. त्याला उपदेश नको, पर्याय हवा. म्हणूनच या कार्यक्रमात व्यक्तीवर बंदी नसावी, बाटलीवर असावी. एरवी पिणाऱ्यालाही आवर्जून बोलवावे. सांजेला नदीकाठी पिठले-भाकरी खाऊन चांदण्यात गाणी म्हणताना ज्याला बाटलीची आठवण झाली नाही, त्याला दहा व्याख्यानांनी उमगणार नाही ते एका रात्रीत उमगते.

कार्यक्रम लहानच असावा. महिन्यातून एका रविवारी पदयात्रा वा सायकल-फेरी काढावी. पावसाळा ओसरल्यावर सहस्रकुंड, हिवाळ्यात वनखात्याच्या परवानगीने अभयारण्य, १० जुलैला पुसदची सत्याग्रहभूमी अशी स्थळे नेमावीत. खर्च सर्वांनी सारखा वाटून घ्यावा आणि ज्याच्यापाशी नसेल त्याचा इतरांनी उचलावा. स्वयंपाक पुरुषांनीही करावा. स्त्रियांना पाहुण्या म्हणून बोलावू नये. आखणीचे सूत्रच त्यांच्या हाती द्यावे. परतताना काचा आणि प्लास्टिक वेचून आणावे. वाहन असल्यास चालकालाही हाच नियम लागू राहावा. वाटेतल्या गावी थांबून पाण्याची, शाळेची, मजुरीची चौकशी करावी, म्हणजे सहलीतून कार्यकर्ताही घडेल.

दारूच्या दुकानाशी सामना केवळ घोषणांनी होत नाही. ते दुकान सोबत देते, विसावा देते, घटकाभर मोठेपणाही देते आणि त्याची किंमत बायकामुलांकडून वसूल करते. या गोष्टी संघटनेने अधिक चांगल्या आणि फुकट दिल्या पाहिजेत. पैनगंगेचा काठ तर जवळच आहे. तेथवर चालत जाण्यासाठी कोणत्याही परवान्याची आवश्यकता नाही.